पहिल्या दुधाचे तीन दिवस : दोष आजीचा नव्हे

#थ्रेड #इतिहास

१/
ऑगस्टचा पहिला आठवडा 'जागतिक स्तनपान सप्ताह' म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात दवाखान्यांच्या भिंतींपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत एकच आशय फिरत राहतो : घरातील वृद्ध स्त्रियांच्या अडाणी समजुतींमुळे नवजात बाळ आईच्या पहिल्या दुधाला मुकते. हा धागा त्या आशयाविषयी आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझे मत असे की, यात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत बाळे मोजत आहेत.

२/
आधी शब्दांकडे पाहू. आपल्याकडे आई बाळाला 'अंगावर पाजते'. गाईचे, शेळीचे किंवा डब्याचे दूध हे 'वरचे दूध'. दूध दाटून आले की 'पान्हा फुटतो'. आणि प्रसूतीनंतर लगेच येणारा घट्ट, पिवळसर स्राव म्हणजे 'चीक'. हाच शब्द व्यालेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या दुधालाही आहे. भाषेने दोघींना एकच शब्द दिला; व्यवहाराने मात्र फार वेगळी वागणूक दिली.

३/
गाय व्याली की चिकाचा खरवस होतो. वेलदोडा, जायफळ घालून तो वाफवायचा, शेजारीपाजारी वाटायचा. त्यासाठी ओळखीच्या गवळ्याकडे आधीपासून सांगून ठेवणारी घरे आजही आहेत. परंतु बाळंतिणीचा चीक कित्येक घरांत पिळून टाकला जाई. वासराच्या वाट्याचा चीक आपण चवीने खाल्ला आणि बाळाच्या वाट्याचा मातीत सांडला. असे का झाले?

४/
मी परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याची. आमच्या भागात वडीलधाऱ्या बायका सांगतात त्या पद्धतीनुसार बाळाला आधी मध चाटवायचा किंवा गुळाचे पाणी द्यायचे, मग कापसाच्या बोळ्याने शेळीचे वा गाईचे दूध. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'दूध उतरले' की अंगावर घ्यायचे. पाचवीला सटवाईची पूजा होईपर्यंत बाळ आईच्या दुधावर स्थिरावलेले असे. ही रीत केवळ पालमची नाही. थोड्याफार फरकाने ती देशाच्या फार मोठ्या भागात आढळते.

५/
आता प्रश्न असा की, हे 'तीन दिवस' आले कोठून? ते एखाद्या आजीच्या डोक्यातून निघालेले नाहीत. त्यांचा माग काढत गेलो तर आपण कोणत्याही सुईणीच्या झोपडीत पोहोचत नाही. आपण पोहोचतो ते ग्रंथालयात.

६/
सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहावा अध्याय पाहा. प्रसूतीनंतर हृदयाशी असलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात आणि तीन किंवा चार रात्रींनंतर स्तन्य वाहू लागते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून पहिल्या दिवशी मध आणि तूप, पुढील दोन दिवस औषधी सिद्ध तूप, आणि त्यानंतर स्तनपान. आमच्या आजीच्या वेळापत्रकाची ही जवळजवळ नक्कल आहे. अथवा आजीचे वेळापत्रक ही याची नक्कल आहे.

७/
वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या आरंभी, हाच विचार पुन्हा येतो. मराठी वैद्यांच्या परंपरेत या ग्रंथाला मोठा मान होता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने १३ व्या शतकात त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, राजसत्तेच्या अगदी जवळ, हा ग्रंथ अभ्यासला जात होता.

८/
मात्र परंपरा एकसुरी नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात जातकर्माच्या वेळी मध-तूप चाटवल्यानंतर लगेच उजवा स्तन बाळाला द्यावा, असा क्रम सांगितला आहे. तेथे तीन दिवसांची वाट नाही. 'आपल्या शास्त्रात असेच आहे' असे कोणी ठामपणे म्हणाले, तर 'कोणत्या शास्त्रात?' असे विचारायला जागा आहे.

९/
आणखी एक गोष्ट. सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नव्हते. बहुतेक स्त्रियांना प्रसूतीनंतर दोन ते चार दिवसांत दूध भरून येते, हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. चुकला तो निष्कर्ष. दूध भरून येण्याआधी जे चमचा-दोन चमचे येते तेच त्या दिवसांचे पूर्ण अन्न असते, त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये ठासून भरलेली असतात. आणि बाळाने लवकर, वारंवार चोखले तरच पुढचे दूध नीट उतरते. हे दृष्टीला दिसणारे नव्हते. मधाविषयीही तसेच : वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नये, हे आज निश्चित आहे, कारण त्यातून गंभीर विषबाधेचा धोका असतो.

१०/
आता भारताबाहेर जाऊ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यक करणारा सोरॅनस हा स्त्रीरोगांवरील प्राचीन ग्रंथकारांतील अग्रणी. त्याचे मत असे की, प्रसूतीनंतर सुमारे वीस दिवस आईचे दूध जड आणि पचायला कठीण असते. तोवर आधी मध आणि मग दुसऱ्या स्त्रीचे दूध द्यावे. सुश्रुताचे तीन दिवस येथे वीस झाले!

११/
युरोपात हा समज शतकानुशतके टिकला. १७४८ साली विल्यम कॅडोगन या डॉक्टरने अनाथ बालकांच्या संगोपनावर निबंध लिहून, बाळाला सुरुवातीपासूनच अंगावर पाजावे, असा आग्रह धरला. मुस्लिम कुटुंबांत चावून मऊ केलेला खजूर बाळाच्या टाळूला लावण्याची 'ताहनीक' ही रीत आहे. पहिला घास आईखेरीज दुसऱ्या कोणी, काही गोड असा द्यावा, ही इच्छा मानवजातीत फार दूरवर पसरलेली दिसते.

१२/
येथवरचा सारांश : पहिले दूध टाळण्याची रीत ही 'खेडवळ अज्ञाना'ची निर्मिती नव्हे. ते आपापल्या काळातील प्रतिष्ठित, लिखित, पुरुषांनी रचलेले वैद्यकीय ज्ञान होते. सुईणीचा अनुभव आणि वैद्याचा ग्रंथ यांची ये-जा दोन्ही दिशांनी झाली असणार. परंतु ज्ञान बदलले तेव्हा ग्रंथकाराची 'महान परंपरा' झाली आणि आजीची 'अंधश्रद्धा'. एकाच मताला दोन नावे. माणूस कोण, यावरून ठरलेली.

१३/
आता दुसरा धागा. इतिहासात बाळ आईच्या दुधाला मुकते ते केवळ समजुतीमुळे नाही. दूध आणि बाळ यांच्यामध्ये अनेकदा काम उभे असते, मालक उभा असतो, वेळ उभी असते. महाराष्ट्राच्या स्मृतीतच याची दोन उदाहरणे आहेत, आणि ती दोन्ही आपण चुकीच्या बाजूने वाचतो.

१४/
पहिले उदाहरण धाराऊचे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्या निवर्तल्या. बाळराजांना दूध पाजले ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी, असे परंपरा सांगते. त्यांच्या मुलांना, म्हणजे राजांच्या दूधभावांना, पुढे सेवेत मान मिळाल्याचेही सांगितले जाते. आपण हे कृतज्ञतेने स्मरतो, आणि ते योग्यच आहे.

१५/
पण जगभरच्या दाईंच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा येतो : दाईच्या स्वतःच्या तान्ह्या बाळाचे काय? रोममध्ये, पॅरिसमध्ये, मोगल जनानखान्यात, सर्वत्र एका बाळाचे दूध दुसऱ्या बाळाकडे वळवले गेले ते हुद्द्याच्या, पैशाच्या बळावर. चरक-सुश्रुतांनी दाई कशी निवडावी याचे बारीक नियम दिले. तिच्या लेकराच्या भुकेचा हिशेब कोणी मांडला नाही. दूध ही नेहमीच मायेची गोष्ट होती. पण ती श्रमाचीही गोष्ट होती.

१६/
दुसरे उदाहरण हिरकणीचे. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात भुकेलेले तान्हे, आणि अंधारात उतरलेला तो कडा. तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे, २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. ही लोककथा आहे आणि लोककथा म्हणूनच ती वाचावी. परंतु लोककथा काय लक्षात ठेवते, हेही इतिहासाचेच साधन असते.

१७/
आपण या कथेत आईचे धाडस पाहतो. मला तिच्यात दरवाजा दिसतो. ती वर गेली ती दूध विकायला. म्हणजे गाईचे दूध गडावर पोहोचले आणि तिचे स्वतःचे दूध बाळापर्यंत पोहोचेना. तिच्या मनात कोणतीही गैरसमजूत नव्हती. पाजण्याची ओढ जिवापलीकडची होती. आड आला तो फक्त नियम : वेळ संपली, आता कोणी जायचे नाही. कडा उतरणाऱ्या आईचा गौरव करणारा समाज दरवाजाविषयी क्वचितच बोलतो.

१८/
हा दरवाजा पुढे मुंबईच्या गिरणीला लागला. कोकण-देशावरून आलेल्या बायका १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांत राबत होत्या. भोंगा वाजला की आत. तान्हे बाळ खोलीवर. ते झोपून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली 'बाळागोळी' दिली जाई. १९२० च्या दशकातील चौकश्यांमध्ये या प्रथेची नोंद आहे. त्या बायका क्रूर होत्या का? त्या पगारावर होत्या.

१९/
जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. 'आईचे प्रेम' या शब्दापलीकडे जाऊन 'आईचा वेळ' हा विषय येथे कायद्याच्या भाषेत आला.

२०/
पण तो कायदा मुंबई इलाख्याचा होता. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही त्या राज्यात होतो, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. अखेर १९६१ च्या केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टीचा हक्क दिला. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे केली. मात्र हे सारे आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असणाऱ्या बाईसाठी.

२१/
आता पालमला परत येऊ. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा. या पट्ट्यातून, बीडपासून गंगाखेड-पालमपर्यंत, दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून 'उचल' आधीच घेतलेली. फडाशेजारी कोपी. बाळंतपण हंगामाच्या तोंडावर आले तरी कोयता अर्धा करता येत नाही.

२२/
पहाटे फडात उतरायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी आली की रात्री-अपरात्री भरायच्या. बाळ झोळीत किंवा पाचटावर. एक दिवस कामाला न गेल्यास 'खाडा' धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. या बाईला स्तनपानाचे महत्त्व पटवून देणारे पोस्टर कोणत्या भिंतीवर लावायचे? कोपीला भिंत नसते.

२३/
आता आकडे, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तेथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील ७८.९ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ८८.६ टक्के. जवळजवळ दहा टक्क्यांची वाढ. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे? ४१.६ टक्क्यांवरून ४१.८ टक्के.

२४/
हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आजीच्या खोलीतून बाळंतपण उचलून आपण डॉक्टरांच्या खोलीत नेले. तरी निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या तासात दूध मिळत नाही. दोष फक्त आजीच्या समजुतीचा असता, तर हा आकडा जागचा हलायला हवा होता. त्या तासात आजी दाराबाहेर बसलेली असते. दार आतून कोणाच्या हातात असते?

२५/
आत काय घडते? एकाच परिचारिकेकडे अनेक प्रसूती असल्या, तर बाळ पुसून, वजन करून बाजूला ठेवले जाते. सिझेरियन झाले तर आई शुद्धीत असूनही बाळ तासन्तास तिच्यापासून दूर राहू शकते. आणि याच दोन फेऱ्यांत देशातील सिझेरियनचे प्रमाण १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेले. बाळ रडते, कोणी तरी डबा आणायला सांगते. डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. हलक्या आवाजातील सल्ला बंद झालेला नाही.

२६/
आणि एक विलक्षण योगायोग. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर नवजाताच्या घरी आशाताईंची पहिली ठरलेली भेट तिसऱ्या दिवशी असते. मग ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. म्हणजे सुश्रुताचे तेच तीन दिवस आजच्या व्यवस्थेतही मोकळे आहेत. त्या काळात बाळ आणि आई ज्यांच्या छपराखाली असतात, ती जबाबदारी त्यांची. आजीला दोष देणे म्हणजे ही जबाबदारी दाराबाहेर सरकवणे.

२७/
हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये, कारण महाराष्ट्रातच ते झाले आहे. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली : पालिकेचे रुग्णालय, गरीब आया, कमी वजनाची बाळे. १९९१ मध्ये स्तनपानाच्या प्रचारासाठी आणि डब्याच्या बाजाराविरुद्ध काम करणारे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले, ते वर्ध्यात. वर उल्लेखिलेल्या १९९२ च्या कायद्यामागे अशाच चळवळींचे बळ होते.

२८/
आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे ज्या गावांत घडले तेथेही आज्या होत्या, सुईणी होत्या, रीती होत्या. त्यांची टिंगल करून ते घडले नाही. त्यांच्या ओसरीवर बसून घडले. आजची आशाताईंची गृहभेट याच कामातून आली आहे.

२९/
एक आक्षेप अपेक्षित आहे : 'वॉर्डात चोरून मध चाटवणाऱ्या आज्या आम्ही रोज पाहतो.' मान्य. ते थांबलेच पाहिजे. घानामध्ये सुमारे ११ हजार बाळांच्या अभ्यासातून २००६ मध्ये असा अंदाज निघाला होता की, सर्वांना पहिल्या तासात स्तनपान मिळाले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतात. इतका हा तास मोलाचा आहे. म्हणूनच त्याचा हिशेब सर्वात दुर्बळ माणसाच्या नावावर लिहून मोकळे होणे परवडणारे नाही.

३०/
मग आजीला काय सांगावे? तिला इतिहास सांगावा. 'तुम्ही अडाणी आहात' याऐवजी, 'तुम्ही जे करत आलात ते जुन्या वैद्यांचेच म्हणणे होते. दूध तिसऱ्या दिवशी भरते हे त्यांनी बरोबर पाहिले, पण त्याआधीचा चीक किती मोलाचा आहे हे त्यांना दिसले नाही. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.' गोठ्यातले हे ज्ञान तिच्याकडे आपल्यापेक्षा अधिक आहे. तेथूनच सुरुवात करावी.

३१/
आणि व्यवस्थेला काय सांगावे? प्रत्येक प्रसूतिकक्षात पहिल्या तासासाठी केवळ आई-बाळाकडे पाहणारे एक प्रशिक्षित माणूस. सिझेरियननंतर बाळ आईजवळ आणण्याची वेळ नोंदवहीत लिहिणे सक्तीचे. ऊसतोडीच्या टोळीत बाळंतिणीच्या दिवसांचा खाडा नाही, तर मजुरी. आणि तो खर्च मुकादमाच्या उचलीतून नव्हे, कारखान्याच्या हिशेबातून. आंबेडकरांनी १९२८ मध्ये गिरणीविषयी मांडलेला मुद्दा फडापर्यंत यायला एक शतक पुरे झाले.

३२/
एसटीच्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' ही पाटी आपण वाचतो. कल्पना फार चांगली. परंतु त्या नावाचा खरा अर्थ असा की, यापुढे कोणत्याही आईला कडा उतरावा लागू नये. त्या कक्षाला कुलूप असेल, तर आपण हिरकणीचे नाव ठेवले आणि दरवाजा मात्र रायगडाचाच राखला.

३३/
शेवटी एक विनंती. आपापल्या भागात बाळाच्या पहिल्या दुधाला काय म्हणतात, पहिल्या तीन दिवसांत काय देत असत, आणि ते कोणी ठरवले असे वडीलधारी मंडळी सांगतात, हे घरी विचारून खाली लिहा. नांदेड, लातूर, खानदेश, कोकण, बेळगाव, कोठूनही. या इतिहासाची साधने दप्तरखान्यात फार थोडी आहेत. ती माजघरात आहेत, आणि ती सांगणारी पिढी आता फार दिवस आपल्यात असणार नाही.

(धागा समाप्त)